हद्दीच्या अलीकडचा दगड

परवा रविवारी सकाळी भाजी घेऊन परत येत होते, तर आमच्या विद्यानगरच्या बसस्टॉपजवळ पंधरा-वीस जणांचा घोळका उभा. गळ्यात कॅमेरे, पायांत पांढरे बूट, आणि मध्ये एक तरुण मुलगी छोटा माईक तोंडाशी धरून काहीतरी सांगतेय. हल्ली अशी मंडळी फिरतात, जुनं हैदराबाद बघत. चारमिनारला जातात ते ठीक आहे, पण आमच्या बसस्टॉपवर काय ठेवलंय म्हणून मी थांबले. तर ती पोरगी दगडाबद्दल सांगत होती. फूटपाथच्या कडेला गुडघाभर उंचीचा एक दगड आहे, अर्धा जमिनीत गेलेला. फूटपाथ रंगवायला माणसं आली की त्यालाही पिवळे-काळे पट्टे मारून जातात. ती म्हणाली, ही जुन्या शहराची हद्द. इथं शहर संपायचं, पुढं नुसतं रान.

मला काही राहवेना. मी म्हटलं, "हद्द-बिद्द काही नाही अम्मा. साधा फर्लांगाचा दगड आहे तो. हद्द इथून मैलभर पुढं होती, रेल्वे फाटकाच्या पलीकडं."

ती हसली. गोड पोरगी होती, रागावली नाही. म्हणाली, "आंटी, इथले जुने लोक तर हेच सांगतात. मराठी लोक दसऱ्याला हद्द ओलांडायला याच दगडापाशी येत होते म्हणे."

आता काय बोलणार? ते मराठी लोक म्हणजे आम्हीच, आणि तो खोटा इतिहास आमच्याच घरातून बाहेर पडलेला. एवढ्या लोकांसमोर ते सांगत बसायला माझ्याकडं वेळ नव्हता आणि खरं तर धीरही नव्हता. "हौ बाई, तुझंच खरं," म्हटलं आणि घरी आले. पण दिवसभर ते डोक्यातून गेलं नाही. माझं हे असंच आहे, आधी तोंड उघडते आणि मग वर्षानुवर्षं पस्तावते. तोंड उघडून सगळ्यांत मोठा घोळ घातला तो त्याच दगडापाशी, अकरा वर्षांची असताना.

तेव्हा आम्ही नल्लकुंट्यात राहत होतो, एका तेलुगू बाईंच्या घरात, मागच्या दोन खोल्यांत. त्यांना मी पिन्नी म्हणायची, तेलुगूत मावशीला म्हणतात तसं. घरात मराठी, अंगणात तेलुगू आणि रस्त्यावर पाऊल टाकलं की दखनी उर्दू. कुठून कुठं शिरतोय ते आम्हा पोरांना कळतसुद्धा नसे. आमचं मूळ परभणीकडचं, शेतकरी घर. अप्पा, म्हणजे माझे वडील, शिकले आणि निजामाच्या पैमाईश खात्यात चिकटले. पैमाईश म्हणजे जमिनीची मोजणी. राजवट गेली तरी खातं राहिलं, खात्यात अप्पा राहिले आणि आम्ही सगळे त्या शब्दाला चिकटून राहिलो. आमच्याकडं कुणी मोजणी म्हटलेलं मला आठवत नाही.

अप्पा बोलायचे कमी. पण त्यांच्याबरोबर रस्त्यानं चाललं की मात्र त्यांना कंठ फुटायचा. आमच्या घरापासून पूर्वेला निघालं की गाव पाच-दहा मिनिटांत विरळ होत जायचं. आधी चिंचांची रांग, तिच्याखाली एक पाणपोई. पुढं सेंदीचं, म्हणजे ताडीसारख्या दारूचं, दुकान, तिथून जाताना आई पदर नाकाला लावायची. मग हिरव्या झेंड्यांचा एवढासा दर्गा, आणि त्याच्यापुढं एक पडकी कमान. कमानीबद्दल लोक सांगायचे की तिथं नवाबाचा हत्ती बांधत होते. अप्पा मला कमानीखाली उभं करून म्हणायचे, "हात वर कर. किती राहिलं? मग हत्ती काय गुडघ्यांवर चालत आत जात होता का?" ती कमान म्हणजे जुन्या वीटभट्टीची कचेरी होती. पाणपोई कुणा बेगमेनं बांधली म्हणून सांगत, ती खरी बांधली होती एका कंत्राटदारानं, उरलेल्या चुन्यात. रस्त्यावरच्या अशा दर गोष्टीतली हवा अप्पा काढायचे. "लोक सांगतात ते ऐकून घ्यायचं," म्हणायचे, "आणि मग मोजायचं. एकदा नीट मोजलं की पुन्हा मोजायला लागत नाही."

त्यामुळं त्यांनी एखाद्या दगडाकडं बोट दाखवून ही हद्द म्हटलं की ती हद्द. कोण कशाला शंका घेईल?

आमची मराठी घरं काचीगुडा आणि नल्लकुंटा मिळून सोळा-सतरा होती, बहुतेक सरकारी नोकरीतली. दसऱ्याला सगळी एकत्र सीमोल्लंघनाला जायची. आमच्या गावाकडं त्या दिवशी पुरुषमंडळी गावाची शीव ओलांडून जातात, आपट्याची पूजा करतात, पानं आणतात, आणि घरी आल्यावर बायका ओवाळतात. शहरात आल्यावर त्याचं झालं होतं असं की काचीगुड्याच्या देवळामागं एक आपट्याचं झाड होतं, तिथवर जाऊन पुरुष परत यायचे. शीव वगैरे कुणी बघितली नव्हती. ते मोडून अप्पांनी एका वर्षी सांगितलं, "सीमोल्लंघन म्हणायचं आणि सीमा बघायची नाही, हे काय? चला, मी दाखवतो. आणि बायका-पोरांनाही घ्या बरोबर." थोडी कुरबुर झाली. बायकांनी शिवेवर जायची रीत नाही, असं दोघं-तिघं म्हणाले. पण पैमाईशवाला स्वतः हद्द दाखवतो म्हटल्यावर सगळे आले. विद्यापीठाकडं जाणाऱ्या रस्त्यावर, कमानीच्या पुढं, तो दगड होता. त्याच्यापासून थोड्या अंतरावर एक लिंब. अप्पांनी दगडावर हात ठेवला आणि म्हणाले, ही हद्द. तेव्हापासून पाच वर्षं आमचं सीमोल्लंघन तिथं. दगडाला हळदकुंकू लागायचं, एकेक जण दगडाच्या पलीकडं पाऊल टाकायचा, आणि मग पानं वाटून "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा" सुरू.

हे सगळं सुरू झालं ते माझा भाऊ गेला त्या वर्षी. मी सहा वर्षांची होते. चार महिन्यांचं पोर, तापानं दोन दिवसांत गेलं. इतक्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. अप्पा आणि त्यांच्या हाताखाली मोजणीची साखळी धरणारे एक म्हातारे मियाँ, दोघंच त्याला घेऊन गेले. कुठं पुरलं ते आईला सांगायचं नाही, तिनं विचारायचं नाही, तिथं खूण ठेवायची नाही, येताना मागं वळून बघायचं नाही. आमच्याकडं हे असं होतं. पोराचं नाव घरात पुन्हा कुणी घेतलं नाही. आई दुसऱ्या दिवशी उठून चुलीपाशी बसली, आणि पिन्नी चार दिवस मला आपल्याकडं जेवायला बोलवत राहिली.

मग आलं छप्पन साल. राज्य फुटणार हे नक्की झालं होतं. मराठवाडा मुंबई राज्यात, कन्नड जिल्हे म्हैसूरकडं, आणि तेलंगण आंध्राबरोबर. आमचं हैदराबाद हैदराबादलाच राहणार होतं, फक्त ते आता आमचं म्हणायचं की नाही हे कुणाला कळत नव्हतं. सरकारी नोकरांकडं एकेक कागद आला. कुठल्या राज्यात जायचं ते लिहून द्या. दसऱ्यानंतर आठवड्याच्या आत तो परत द्यायचा होता.

सोळा-सतरा घरांतल्या अकरा-बारा घरांनी औरंगाबाद नाहीतर नांदेड लिहून टाकलं. सगळ्यांत आधी लिहिलं पेशकारकाकांनी. कचेरीत ते पेशकार होते, साहेबापुढं कागद मांडणारे, म्हणून सगळी घरं त्यांना पेशकारकाकाच म्हणायची. आमच्या मंडळीतले तेच वडीलधारे. त्यांची मुलगी माझी जिवलग मैत्रीण, एका बाकावर बसणारी. ती रोज नवीन काहीतरी सांगायची. औरंगाबादेत दुकानाच्या पाट्यासुद्धा मराठीत आहेत. भाजीवाली मराठी बोलते. टांगेवाला मराठी बोलतो. मला तर वाटायला लागलं की तिथली कुत्रीही मराठीत भुंकत असतील, आणि आम्ही इथंच राहिलो तर माझ्यासारखी करंटी मीच.

आमचा कागद मात्र गणपतीच्या तसबिरीमागं तसाच पडून होता. मी रोज खुर्चीवर चढून बघायची, कोराच. आईला विचारलं तर म्हणायची, "त्यांना विचार." अप्पांना विचारलं तर म्हणायचे, "बघू." आई त्या दिवसांत फार गप्प झाली होती. पिन्नीनं एकदा तिला सरळ विचारलं, तुला जायचंय का राहायचंय? आई भांडी घासत राहिली, वर बघितलंच नाही. मी मनाशी नक्की केलं की अडवणारी आईच आहे.

आणि त्याच महिन्यात मला ते नकाशाचं कळलं. अप्पा घरी नकाशे आणायचे आणि जमिनीवर पसरायचे. चार कोपऱ्यांवर चार तांबे-वाट्या ठेवून भागायचं नाही, म्हणून एका कोपऱ्यावर मी बसायची. तिथं बसून बसून मला नकाशा वाचता यायला लागला होता. तर त्या दिवशी आमचाच रस्ता पसरलेला. पाणपोई होती, दर्गा होता, दगडही होता, बारीक चौकोन. आणि शहराची हद्द म्हणून लाल तुटक रेघ जात होती ती दगडाच्या कितीतरी पुढून, रेल्वे रुळांच्याही पलीकडून. मी बोट ठेवून म्हटलं, "अप्पा, हद्द तर इथं आहे. आपण दगडाला हद्द का म्हणतो?"

अप्पांनी नकाशा गुंडाळायला घेतला. म्हणाले, "नकाशातलं नकाशात राहू दे. कुणाला बोलू नको."

आता मला कुणाला बोलू नको म्हणणं म्हणजे काय, हे अप्पांना तरी कळायला हवं होतं. पण मी गप्प राहिले, चांगले वीस-बावीस दिवस. दसऱ्यापर्यंत.

दसऱ्याला दुपार कलल्यावर आम्ही सगळे निघालो. शेवटचंच म्हणून कुणी घरी थांबलं नव्हतं, म्हातारीकोतारीही आली होती. पिन्नीनं दारातून हाक मारून सांगितलं, वाटेत पालपिट्ट दिसली तर मला सांगा. पालपिट्ट म्हणजे नीळकंठ. दसऱ्याला तो दिसला की वर्ष चांगलं जातं असं तेलुगू लोक मानतात. मी सगळ्या वाटेत तारांवर बघत होते. दिसला नाही.

दगडाची पूजा झाली. दरवर्षी आई कुंकू लावायला पुढं असायची, त्या दिवशी ती मागं उभी होती. पेशकारकाका दोन शब्द बोलले. पुढच्या वर्षी कोण कुठं असेल सांगता येत नाही, पण या दगडाला आपण विसरायचं नाही, असं काहीतरी. बायकांनी डोळे पुसले. मग सगळे दगड ओलांडून गेले, आपट्याची पानं वाटली, आणि पेशकारकाकांनी अप्पांच्या हातात पान ठेवत सगळ्यांसमोर विचारलं, "मग? तुमचा कागद गेला का नाही अजून?"

"बघू," अप्पा म्हणाले.

"काय बघता अजून? आम्हाला दरवर्षी हद्द ओलांडायला लावता आणि स्वतः अलीकडंच बसता होय?"

सगळे हसले. चेष्टाच होती, वाईट काही नव्हतं. अप्पाही थोडं हसले. पण माझी मैत्रीण हसली, आणि ते मला झोंबलं. महिनाभराचा राग होता, कागद कोरा होता, आठ दिवसांत ती जाणार होती. मी म्हटलं, चांगलं मोठ्यानं म्हटलं, "ही हद्द नाहीच मुळी. अप्पांना माहीत आहे. नकाशात हद्द पार फाटकाच्या पलीकडं आहे. आपण एकदाही ओलांडलेली नाही."

हसणं थांबलं. पेशकारकाकांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग अप्पांकडं. "काय म्हणते ही?"

अप्पा खोटं सांगू शकले असते. पोर आहे, नकाशातलं तिला काय कळतं, एवढं म्हणाले असते तरी सगळ्यांनी मान्य केलं असतं. ते म्हणाले, "बरोबर आहे तिचं. माझी नजरचूक झाली."

नजरचूक. ज्या माणसानं हत्तीच्या कमानीची उंची मोजून लोकांना गप्प केलं, त्याची शहराच्या हद्दीत मैलभराची नजरचूक. एक जण म्हणाला, अहो पाच वर्षं? दुसऱ्यानं विचारलं, मग सरकारी जमिनी कशा मोजता? कुणीतरी हळूच हसलं, आणि या वेळी ती चेष्टा नव्हती. अप्पांनी मान खाली घातली नाही की वाद घातला नाही, आपट्याचं पान खिशात ठेवलं फक्त. मला तेव्हाही कळत होतं की मी काहीतरी भयंकर केलंय. पण शब्द सुटला होता.

पेशकारकाका म्हणाले, असं असेल तर शेवटच्या वर्षी तरी खरी हद्द ओलांडू. आत्ताच चला. दाखवा. झालं, सगळी वरात पुढं निघाली, अप्पा सगळ्यांच्या पुढं. आई म्हणाली, "माझा पाय दुखतोय. मी बसते इथंच, तुम्ही जाऊन या."

फाटक ओलांडून आम्ही खऱ्या हद्दीपाशी गेलो. तिथं काहीच नव्हतं. एक खांब, बाभळी आणि दोन शेळ्या. खांबाला ओवाळावं असं कुणालाच वाटेना. पलीकडं पावलं टाकली आणि परत फिरलो. अप्पा जाताना बोलले नाहीत, येतानाही नाहीत. मी दहा पावलं मागं राहून चालत होते, हाक मारतील म्हणून. मारली नाही.

दगडापाशी आलो तर आई तिथं नव्हती. ती लिंबाखाली होती, जमिनीवर बसलेली, पाय पोटाशी घेऊन. समोरच्या मातीवर हातानं झाडून स्वच्छ केलेलं आणि त्यावर आपट्याची पानं ठेवलेली, एकाशेजारी एक. बाकीचे रस्त्यानं पुढं गेले, त्यांना वाटलं सावलीत बसली असेल. मी तिच्याजवळ गेले आणि विचारलं, इथं का बसलीस?

"तुझा भाऊ आहे इथं," आई म्हणाली. उठली, लुगडं झटकलं आणि चालायला लागली.

तेव्हा मला सगळं कळलं. निदान वाटलं की कळलं. अप्पांनी रीत मोडून आईला जागा सांगितली होती. पण एकट्या बाईनं गावाबाहेर जाऊन लिंबाखाली बसायचं म्हणजे चार लोक विचारणार. म्हणून अप्पांनी सोळा घरांचा दसरा उचलून तिथं आणला आणि एका साध्या दगडाला हद्द केलं. वर्षातून एकदा तिला तिथं उभं राहता यावं, कुणाला काही न कळता. आणि मी ते चव्हाट्यावर मांडलं. अप्पा मला त्याबद्दल कधीही एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. दोन थोबाडीत मारल्या असत्या तरी चाललं असतं.

आठवड्यानं तसबिरीमागचा कागद नाहीसा झाला. आम्ही राहणार होतो. पेशकारकाकांनी कारण विचारलं तर अप्पा म्हणाले, "हिचं मन नाही." काचीगुडा स्टेशनवर मैत्रिणीला पोचवायला गेलो, तर गाडी हलेपर्यंत आम्ही दोघी रडत होतो आणि आई बाजूला शांत उभी. मला तिचा असा राग आला. भावासाठी वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण तो नव्हता, आणि मी होते.

तो राग मी पुढं बरीच वर्षं पोसला. आमची मराठी शाळा रिकामी होत गेली, वर्गात नऊ मुली उरल्या. माझं लग्न ठरवायच्या वेळी मुलाकडचे म्हणाले, हैदराबादची मुलगी, मराठी धड बोलते का? सतरा-अठराची असताना एकदा मी आईला सरळ म्हटलं, "तुझ्या एका गेलेल्या पोरापायी तू आम्हा जित्यांना इथं कोंडून ठेवलंस." आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "हो गं बाई. माझ्यामुळंच." आणि पुन्हा निवडायला लागली. आत्ता लिहितानाही ते आठवून तोंड कडू होतं.

दसऱ्याला दगडापाशी आता आम्ही तिघंच जायचो. मग रस्ता रुंद झाला. दर्गा तेवढा राहिला, त्याला कुणी हात लावला नाही. चिंचा गेल्या, कमान गेली, लिंबही गेला. विद्यानगर वाढत वाढत फाटकापलीकडं पसरलं, आणि ती खरी हद्द कुठं होती ते आता कुणाच्या बापालाही सांगता येणार नाही. दगड फक्त उरला, कसा कोण जाणे. लग्नानंतरही मी याच शहरात राहिले. पुढं राज्य पुन्हा एकदा फुटलं, तेव्हा मुलगा पुण्याहून म्हणाला, आता तरी इकडं ये. मी म्हटलं, नक्को रे बाबा.

पण त्याच्या आधीचं सांगायचं राहिलं. अप्पा गेले तेव्हा आई सत्तरीच्या पुढं होती. तेरावा झाला, पाहुणे गेले, आणि आम्ही दोघी त्यांचं सामान आवरत होतो. मी काय बोलून गेले आठवत नाही, काहीतरी तेच, की तू त्या वेळी तयार झाली असतीस तर अप्पा औरंगाबादेत मोठे साहेब झाले असते. आईनं हातातलं धोतर खाली ठेवलं.

"मी तयार होते," ती म्हणाली. "त्या दसऱ्याला तुम्ही सगळे पुढं गेलात ना, तेव्हा पहिल्यांदा त्याच्याजवळ एकटी बसले. पाच वर्षं नुसती लोकांत उभी राहून लिंबाकडं बघत होते. त्या दिवशी सगळं बोलून घेतलं त्याच्याशी. घरी येऊन ह्यांना म्हटलं, माझं झालं. भरा कागद, जाऊ या, पोरीचं तिकडं चांगलं होईल."

"मग?"

"कागद पुढं घेऊन बसले. लेखणी उचलायचे आणि ठेवायचे. होईना त्यांच्यानं. पुरुषमाणसानं हे कारण सांगितलं तर लोक हसतात. तसेही त्या दिवशी पुष्कळ हसले होते. मी म्हटलं, माझं नाव सांगा."

मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. इतकी वर्षं एखादी गोष्ट पक्की धरून बसलं की माणूस सहजी सोडत नाही. मला वाटलं, अप्पा गेले म्हणून म्हातारी त्यांच्याकडं ढकलतेय. पेटीच्या तळातून तिनं अप्पांच्या मोजणीच्या वह्या काढल्या, खाकी पुठ्ठ्याच्या, सुतळीनं बांधलेल्या, आणि माझ्यापुढं ठेवल्या.

वह्या उर्दूत होत्या. आम्ही शाळेत उर्दू शिकलेलो, मला वाचता येत होतं. पहिल्या वहीत, भाऊ गेला त्या महिन्यात, शेतांच्या आणि बांधांच्या मापांमध्ये एक ओळ होती. दगड ते लिंब, पूर्वेला, अकरा पावलं. नाव नाही, काही नाही. खूण ठेवायची नाही म्हणून सांगितलं होतं, तर पैमाईशीच्या माणसानं ती वहीत ठेवली. मी पानं उलटत गेले. पुढच्या महिन्यात पुन्हा तीच ओळ. दगड ते लिंब, अकरा. त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा. एकदा नीट मोजलं की पुन्हा मोजायला लागत नाही म्हणणारा माणूस एकच अंतर दर महिन्याला मोजत होता. छप्पनच्या आधी, छप्पननंतर, निवृत्त झाल्यावरसुद्धा, साध्या शाळेच्या वह्यांत. लिंब गेला तेव्हा शब्द बदलला होता. दगड ते जागा.

आकडाही बदलत होता. अकराचे बारा झाले होते, पुढं तेरा, मग पंधरा. मला आधी वाटलं रस्त्याच्या कामात दगड सरकला असेल. मग ध्यानात आलं की दगड तिथंच होता आणि भाऊही तिथंच होता, अप्पांचं पाऊल आखूड होत गेलं होतं. शेवटची ओळ ते गेले त्याच्या दीड महिना आधीची. दगड ते जागा, अठरा. आणि हिशेब चुकू नये म्हणून पुढं बारीक अक्षरात लिहिलंय, काठी धरून.